कराटे-परिचय (लेखांक ६) : मोठ्या माणसांची तालीम

कराटे हा शाळकरी मुलांचा खेळ, ही समजूत फार जुनी नाही. ओकिनावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही विद्या मागच्या अंगणात, पुष्कळदा रात्रीच्या वेळी, गुरूने पारखून घेतलेल्या मोजक्या शिष्यांना मिळत असे. १९०१ च्या सुमारास इतोसू आंको यांनी शुरीच्या प्राथमिक शाळेत ती कवायत म्हणून सुरू केली. वर्ग मोठा आणि मुले लहान असल्यामुळे त्यांनी पाच सोपे काते, म्हणजे हालचालींचे ठरीव क्रम, बांधले. हेच ‘पिनान’, आणि शोतोकान शैलीत ‘हेइआन’. आजच्या वर्गात रांगेत उभे राहून आकड्यांच्या गजरावर बुक्के मारले जातात, ती पद्धत या शालेय कवायतीच्या वाटेने आली.

दुसरे वळण तोक्योत मिळाले. १९२२ मध्ये ओकिनावाचे कराटे-गुरू फुनाकोशी गिचिन तेथे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी गेले आणि तेथेच राहिले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. त्यांचे शिष्य मात्र मुख्यतः विद्यापीठांतील विद्यार्थी होते. केइओ विद्यापीठातील मंडळ १९२४ चे. पुढे त्यांचे चिरंजीव योशिताका आणि हे विशीतले तरुण यांच्या हाती पवित्रे लांब आणि खोल होत गेले. शुरीतील जुने गुरू यापेक्षा बरेच उंच उभे राहत. म्हणजे आज खोल बसता येत नाही म्हणून चाळिशीतला नवखा ओशाळतो, ती खोली मुळात तरुणांच्या व्यायामाची आहे. उंच पवित्र्यात उभे राहणे ही वयाला दिलेली सवलत नव्हे. जुन्या कराटेशी ते अधिक जवळचे आहे.

झेनकुत्सु-दाची हा पुढे झुकता पवित्रा पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय लांबवलेला, दोन्ही पायांत खांद्यांइतके आडवे अंतर. मोठ्या माणसाच्या बाबतीत येथे एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते : पुढचा गुडघा पावलाच्या मधल्या बोटांच्या दिशेने राहतो की आतल्या बाजूला कलतो. तो कलत असेल तर प्रत्येक पावलागणिक सांध्यावर पीळ बसतो. वळतानाही तेच घडते. पाऊल जमिनीला चिकटून राहिले आणि कंबर फिरली, तर मधला गुडघा पिळवटतो. पाऊल आणि गुडघा एकत्र वळले पाहिजेत, आणि वळण खुब्यातून निघाले पाहिजे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा खुबा आखडलेला असतो, त्यामुळे जे खुब्याने करायचे ते गुडघा करू लागतो. म्हणून अशा माणसाच्या तालमीतली पहिली दहा-पंधरा मिनिटे खुबे आणि घोटे मोकळे करण्यात गेली, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये.

स्नायू काही आठवड्यांतच बळकट होऊ लागतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना मात्र कित्येक महिने लागतात, आणि वयानुसार त्यांची गती आणखी मंदावते. सुरुवातीचे दोन-तीन महिने उत्साहात जातात, अंगात जोर आल्यासारखे वाटते, आणि नेमके तेव्हाच टाच, कोपर किंवा गुडघ्याखालचा भाग दुखू लागतो, त्याचे कारण हे. कोपराला त्रास देणारी एक सवय सर्रास दिसते. हवेत मारलेला बुक्का कशालाच लागत नाही, त्यामुळे हात शेवटी झटक्याने ताठ होतो आणि तो झटका सांधा सोसतो. हात पूर्ण ताठ होण्याच्या केसभर आधी थांबवला की झटका पाठीच्या आणि काखेखालच्या स्नायूंवर जातो. समोरच्या लाथेचेही असेच. गुडघा आधी उंच आला पाहिजे, पाय पुढे जाऊन तितक्याच वेगाने परत आला पाहिजे. लाथ कमरेइतकी गेली तरी पुरे. डोक्यापर्यंत पोचणारी लाथ जुन्या कात्यांत क्वचितच सापडते.

मुठीची तालीम माकिवारावर होते. जमिनीत पक्की पुरलेली, वरच्या टोकाकडे पातळ होत गेलेली फळी, छातीच्या उंचीवर भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली. तिचे मर्म तिच्या लवचिकतेत आहे. मूठ टेकली की फळी मागे वाकते आणि वाकता वाकता अधिकाधिक विरोध करते. मनगट वाकडे असेल, खांदा वर चढला असेल, मागची टाच सुटली असेल, तर फळी ताबडतोब हात मागे ढकलते. दोष कोठे आहे ते सांगायला गुरू लागत नाही. म्हणूनच भिंतीला ठोकलेली गादी म्हणजे माकिवारा नव्हे. इतोसूंनी १९०८ मध्ये लिहिलेल्या दहा कलमी पत्रात दर हाताने शंभर ते दोनशे वेळा हा सराव करण्यास सांगितले आहे. मोठ्या नवख्याने हा आकडा पहिल्या वर्षात मनावर घेऊ नये. आधी चार बोटे शेवटच्या पेरापासून घट्ट वळायची, अंगठा त्यांवर आडवा आवळायचा, आणि तर्जनी-मधल्या बोटांचे दोन उंचवटे फळीवर टेकवून नुसते दाबायचे. पायापासून मुठीपर्यंत जोर अखंड पोचू लागला की मग हलके प्रहार. कातडी जाड करणे हा हेतूच नाही.

नाहा शहराच्या परंपरेत चि-इशी हे साधन आहे : लाकडी दांड्याच्या एका टोकाला बसवलेला दगड. मराठी वाचकाला तालमीतला मुद्गल आठवेल, आणि मनगट-खांद्यांवर होणारे कामही बरेचसे तसेच आहे. याच परंपरेचा पाया म्हणजे सांचिन हा काता. त्यात सगळे शरीर आवळून, आवाज होईल असा श्वास सोडत, अगदी थोडी पावले टाकली जातात. येथे इशारा आवश्यक आहे. शरीर आवळताना श्वास कोंडला तर रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाबाचा विकार असणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय सांचिन जोराने करू नये. इतरांनीही प्रथम तो ढिल्या अंगाने, श्वास वाहता ठेवून शिकावा.

जोडीदारासमोर उभे राहिले की मोठ्या माणसाची अडचण बदलते. पहिल्यांदा ‘किआई’ द्यायची वेळ येते आणि आवाज घशातच राहतो. मोठ्याने ओरडणे त्याने कित्येक वर्षांपूर्वी सोडलेले असते. किआई म्हणजे पोटातून एकदम सुटलेला श्वास, हे कळले की संकोच कमी होतो. पाच पावलांच्या ठरीव कुमितेत (जोडीच्या लढतीत) हल्ला कोणता, कोठे, ते आधी ठाऊक असते. नवख्याला वाटते, यात लढत कसली? पण अंतर ओळखणे, समोरच्याच्या खांद्याची किंचित हालचाल टिपणे आणि बुक्का नाकासमोर येईपर्यंत डोळे न मिटणे, हे सगळे येथेच शिकून होते. वयाने शरीराचा वेग घटतो. अंदाज मात्र सरावाने वाढतच जातो. मुक्त कुमितेची घाई न केलेलीच बरी.

पट्ट्यांची पद्धत कराटेने जुदोकडून घेतली. फुनाकोशी यांनी पहिल्या ‘दान’ श्रेणी, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या, १९२४ मध्ये दिल्या. त्यांतील पहिल्या पायरीला शोदान म्हणतात, आणि त्यातील ‘शो’चा अर्थ आरंभ असा आहे. तरुणपणी स्वतः फुनाकोशींनी नाइहांचीचे तीन काते शिकण्यात दहा वर्षे घालवली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आठवड्यातून दोन दिवस वर्ग, मधल्या दिवशी विश्रांती आणि घरी रोज दहा-बारा मिनिटे, एवढे प्रमाण नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला झेपते; तीन दिवस सलग घाम गाळून पुढचे तीन आठवडे घरी बसण्यापेक्षा त्यातून कितीतरी अधिक साधते.

घरच्या सरावासाठी नाइहांचीइतका सोयीचा काता दुसरा नाही. ओकिनावाचे कराटे-गुरू मोतोबू चोकी (१८७०–१९४४) यांचा सगळा भर त्याच्यावर होता. पन्नाशीच्या आसपास क्योतोमध्ये त्यांनी एका परदेशी मुष्टियोद्ध्याला खाली पाडले, आणि १९२५ मध्ये ‘किंग’ मासिकाने ती हकिकत छापल्यावर त्यांचे नाव जपानभर झाले. हा काता पुढे-मागे सरकत नाही. पवित्रा घोडेस्वारासारखा, पाय एकमेकांवरून ओलांडत डावीकडे-उजवीकडे पडतात, आणि हात आपल्याच छातीसमोर अडवतात, ओढतात, कोपराने मारतात. उडी नाही, उंच लाथ नाही. दोन्ही बाजूंना दोन-तीन पावलांची जागा मिळाली की झाले. चाळीच्या गॅलरीत किंवा पलंग आणि कपाट यांच्यामधल्या पट्टीत तो पुरा होतो.