कोंबडी आम्ही कापली तर चालेल का?

भंडारदऱ्याच्या एखाद्या टेंटवाल्याला फोन करून "हलाल मिळतं का?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "मिळतं ना मॅडम, सगळं मिळतं." जैन जेवणाबद्दल विचारलं तरी तो याच सुरात हो म्हणतो. माणूस खोटारडा नसतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक असतं. म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला आहे. मी विचारते, "कोंबडी जिवंत आणता की कापलेली? कुठल्या दुकानातून? मासे तळता ते तेल वेगळं असतं का? परमिट रूम आहे का? शनिवारी रात्री स्पीकर किती वाजेपर्यंत चालतो?" या प्रश्नांना नुसतं हो म्हणून भागत नाही. समोरच्याला विचार करून बोलावं लागतं आणि त्याच्या बोलण्यावरून तिथे अम्मी-अब्बांना न्यायचं की नाही, हे माझ्या लक्षात येतं.

तुर्कस्तानात किंवा मलेशियात हे सोपं आहे. तिथली काही हॉटेलं स्वतःच 'हलाल-फ्रेंडली' म्हणून जाहिरात करतात: बार नाही, स्वयंपाकघरात डुकराचं काही नाही, बायकांच्या पोहण्याची सोय वेगळी. आपल्याकडे सह्याद्रीत अशी पाटी शोधू नये. इथे ती सोय आपणच माणसांशी बोलून जुळवायची, आणि माझ्या मते ती बरी जुळते.

आम्ही भंडारदरा निवडतो कारण तो दोन घरांच्या मध्ये पडतो. आम्ही कल्याणचे, सासू-सासरे, म्हणजे अम्मी-अब्बा, नाशिकला. आम्ही कसारा घाट चढून, इगतपुरी-घोटीवरून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून शेंडीला उतरतो, तेही घोटीलाच वळतात. शेंडी म्हणजे धरणाचं गाव. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं, आणि त्याच्यामागे जो जलाशय पसरला तो आर्थर लेक. एका अंगाला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, दुसरीकडे रतनगड, आणि भोवती अभयारण्याचं हिरडा-बेहडा-जांभळाचं रान. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत या झाडांवर काजवे लखलखतात. ते बघण्यासारखे असतात यात शंका नाही, पण त्या शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, दारू आणि डीजे यांचीही तेवढीच गर्दी असते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर नोव्हेंबर-डिसेंबर गाठावा. पाणी भरलेलं असतं, हवा कोरडी असते.

आता जेवण. हलाल म्हणजे धर्माने परवानगी दिलेलं. मांसाच्या बाबतीत अर्थ असा, की खायला चालणारा प्राणी अल्लाहचं नाव घेऊन, धारदार सुरीने श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या कापून मारलेला हवा आणि रक्त वाहून गेलेलं हवं. हे काम कुठल्याही जाणत्या मुसलमानाला करता येतं, त्याला मौलवी लागत नाही. आपल्या गावगाड्यात तर मुलाणी याच कामासाठी असायचा. जत्रेचा बकरा हिंदूंच्या घरचा असला तरी त्याच्या मानेवर सुरी मुलाण्याची चाले. जुन्या पिढीतल्या गावकऱ्यांना म्हणून हा प्रकार नवा नाही. तो शहरातल्या रिसॉर्टच्या मॅनेजरला नवा वाटतो.

त्यामुळे आम्ही तळ्याकाठच्या टेंटऐवजी गावातल्या घरात उतरतो. पहिल्यांदा घरच्या मावशींना मी चाचरतच विचारलं होतं, "मावशी, कोंबडी आम्ही कापली तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "चालंल की. माजं एक काम वाचलं." मग परड्यात अब्बांनी गावठी कोंबडा हातात धरला, सुरीची धार नखावर तपासली, किबल्याकडे, म्हणजे काबेच्या दिशेला, तोंड केलं, आणि 'बिस्मिल्लाह, अल्लाहू अकबर' म्हणून एकाच फिरवणीत काम केलं. मावशींचा मुलगा उकळतं पाणी घेऊन तयारच उभा होता. अब्बांनी त्याला हाताने थांबवलं. धडपड पूर्ण शांत झाल्याशिवाय पक्षी पाण्यात बुडवायचा नाही. मुलगा म्हणाला, "आमी पन तसंच करतो, काका. नायतर रगात आत ऱ्हातं." पुढचं सगळं मावशींचं: चुलीवरचा रस्सा, नाचणीची भाकरी, खलबत्त्यात कुटलेला ठेचा. पातेलं आम्ही घरून नेतो. त्याचं कारण मी त्यांना सरळ सांगते, आणि त्याही उपासाचं भांडं वेगळं ठेवणाऱ्या असल्यामुळे त्यांना ते चटकन पटतं.

ज्यांना कोंबडी कापायची नाही त्यांच्यासाठी मासा आहे. मासा असा विधीने कापावा, म्हणजे जबह करावा लागत नाही. तो कुणी पकडला, कुणी साफ केला, याने काही अडत नाही. तेव्हा तळ्याकाठी हलाल जेवणाचा निम्मा प्रश्न तळंच सोडवतं. फक्त कढईवर लक्ष ठेवायचं. ज्या तेलात आधी दुकानातली कोंबडी तळली, त्यातच मासा सोडला तर घोटाळा. आपल्यासमोर तव्यावर तळून घ्यावा. पावसाळ्यात इकडे खेकड्यांचा रस्सा करतात. माझं माहेर श्रीवर्धनचं, कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई मताचे. खेकड्यावर आमच्याकडे दोन मतं. सासर हनफी मताचं, तिथे खेकडा वर्ज्यच. घरात शांतता हवी म्हणून मी तो मागवत नाही.

मुलांचं खाणं मात्र मोठ्यांपेक्षा अवघड. शेकोटी म्हटली की त्यांना मार्शमेलो हवे असतात, आणि बहुतेक मार्शमेलोंमध्ये जिलेटिन असतं. ते कुठल्या जनावराचं, हे पाकिटावर सहसा लिहिलेलं नसतं. आम्ही रताळी आणि शेंगा भाजतो. मुलं कुरकुरतात, मग खातात.

नमाजेचं वेळापत्रक हा या सहलीतला सर्वांत गमतीचा भाग. प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते, तिला कस्र म्हणतात. हनफी हिशेबाने त्यासाठी अंतर हवं ४८ मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर. कल्याणहून भंडारदरा त्याच्या बराच पुढे जातो, म्हणून आम्ही मुसाफिर. नाशिकहून मात्र तो सत्तरेक किलोमीटरच भरतो, म्हणून अम्मी-अब्बा मुसाफिर नाहीत. एकाच अंगणात, एकाच चटईवर, एकाच वेळी अर्ध्यांची नमाज पूर्ण आणि अर्ध्यांची निम्मी! तोडगा शास्त्रातच आहे: पूर्ण पढणाऱ्या इमामामागे उभं राहिलं की मुसाफिरानेही पूर्णच पढायची. अब्बा पुढे उभे राहतात आणि वाद मिटतो.

असरचं, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजेचं, तसं मिटत नाही. शाफई हिशेबाने असरची वेळ लवकर लागते, हनफी हिशेबाने डिसेंबरात पाऊणेक तासाने. रतनवाडीला होडीने जायचं, अमृतेश्वराच्या देवळाचं कोरीवकाम बाहेरून बघायचं आणि उजेडात परतायचं, यात हा पाऊण तास मोलाचा असतो. डिसेंबरात मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, सहाच्या सुमारास होते. म्हणून होडी सकाळची घ्यावी, संध्याकाळ काठावर मोकळी ठेवावी. होडीवाल्याशी सुटण्याची आणि परतण्याची अशा दोन्ही वेळा आधी बोलून घ्याव्यात.

किबला महाराष्ट्रातून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, होकायंत्रावर साधारण २८० अंशांवर. मावळता सूर्य बघून तो ठरवू नये. जूनमध्ये सूर्य त्याच्या थोडा उत्तरेला मावळतो, डिसेंबरात बराच दक्षिणेला, पस्तीसेक अंशांचा फरक पडतो. वजूला, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुवायला, तळ्याचं पाणी चालतं, एवढं मोठं पाणी पाकच. पण फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेच्या, अंधारात बाईमाणसाने एकटीने काठावर उतरू नये. शेवाळलेला दगड आणि गाळ दिसत नाही. रात्रीच बादली भरून ठेवावी. टेंटमध्ये राहणार असाल तर संडास-न्हाणी सामायिक आहे का आणि पहाटे नळाला पाणी असतं का, हे आवर्जून विचारा. टाकी सकाळी सातला भरणारे पुष्कळ आहेत.

पोहण्याबद्दल माझं मत कडक आहे. धरणाच्या पाण्यात बुरखा-दुपट्टा असो नाहीतर नसो, कुणीच उतरू नये. काठाजवळच एकदम खोल होतं, आणि दारू पिऊन उतरणारी पोरं बघत बसायची आपल्या मुलांना गरज नाही. पाण्यात खेळायचंच असेल तर ज्या बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाभोवती पूर्ण उंचीची भिंत आहे तो घ्या, आणि पोहण्याच्या वेळात नोकरमाणसं तिकडे फिरकणार नाहीत, हे फोनवर कबूल करून घ्या. त्याचं भाडं जास्त पडतं. तीन घरांनी मिळून घेतला तरच परवडतो.

निघायचं शुक्रवारी जुम्मा पढून. परत यायचं रविवारी रंधा धबधबा करून, जोहर, म्हणजे दुपारची नमाज, आटोपून, दुपारी अडीच-तीनच्या आत. त्यानंतर कसाऱ्याला मुंबईकडे परतणाऱ्या गाड्या अडकायला लागतात. मी शाफई असल्याने जोहरबरोबर असरही पढून मोकळी होते. नवरा हनफी, त्याला असरसाठी वाटेत थांबावंच लागतं. घाट उतरण्याआधी, इगतपुरीच्या अलीकडे, जिथे पाणी आणि सावली दोन्ही आहे असा पेट्रोल पंप बघून ठेवा. तो नमाज पढेपर्यंत मुलांचं चहा-बिस्किट होऊन जातं.