रुपया तोच, चांदी निम्मी
औंढ्यातल्या एखाद्या घरी जुन्या डब्यातून राजाछाप रुपया निघाला, तर आधी साल पाहा. 1940 पूर्वीच्या रुपयात सुमारे 92 टक्के चांदी असे. युद्धकाळात ती 50 टक्क्यांवर आली. उरलेले 40 टक्के तांबे, 5 निकेल, 5 जस्त. वजन मात्र तेच, एक तोळा (11.66 ग्रॅम), त्यामुळे तागडीत फरक कळायचा नाही. खोटी नाणी रोखायला काठावर नक्षीची खाच आली. लोकांनी जुने राणीछाप रुपये दडवले, नवे खर्चले. त्यात गैर ते काय? नाण्यांची टंचाई झाली आणि 1940 मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली. 1946 च्या पावलीत तर चांदी नाहीच, निव्वळ निकेल.