आधी दात, मग शेक

तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, किरणांचे शेक पुरे झाले, डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. माणूस वाचला, ही मोठीच गोष्ट असते. पण काही महिन्यांनी त्याच माणसाचे धडधाकट दात हिरडीच्या कडेने काळे पडू लागतात. एखादी दाढ ठणकते, गालाला सूज येते. मग घरातले किंवा शेजारचे कुणीतरी सहज म्हणून जाते, "दाढ दुखून राहिली तर काढून टाक ना बाप्पा!" एरवी या सल्ल्यात वावगे काही नाही. शेक घेतलेल्या जबड्यातली दाढ मात्र अशी काढली, तर ती जखम महिनोन् महिने भरत नाही आणि खालचे हाड मरू लागते. गावोगावी हे माहीत असायला हवे आणि ते माहीत नाही, म्हणून हा लेख.

असेच एक गाव घ्या. रोहणा हे आर्वी तालुक्यातले, पुलगाव-आर्वी मार्गावरचे गाव. याच मार्गाने एकेकाळी नॅरोगेजची छोटी गाडी धावायची आणि रोहण्याला तिचे स्टेशन होते. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि पानठेल्यावर सकाळपासून गर्दी असते. विदर्भातल्या कुठल्याही गावासारखाच इथला माणूस खर्रा ओळखतो. प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना टाकून ठेलेवाला ते हाताच्या तळव्याने घासून घासून घोटतो. चुना नीट मुरला की पुडी बांधून हातात देतो. ती पुडी दिवसभर पुरवायची आणि चिमूट गालात धरून ठेवायची. गाल आणि हिरडी यांच्यामधली जी खाच असते, तिथेच हा ऐवज तासन् तास बसतो आणि आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो.

महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण हाताने घोटलेला खर्रा राहिलाच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले सुमारे एकचतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. नुसती सुपारी खाल्ली तर काही होत नाही, हाही समज खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. जागतिक कर्करोग अंदाजांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. त्यांतल्या बऱ्याच जणांना शस्त्रक्रियेबरोबर किंवा तिच्यानंतर शेक घ्यावे लागतात.

सुपारीची एक देणगी कॅन्सरच्याही आधी येते. गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठ होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत जाते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. या माणसाच्या तोंडात एखादेच जाते. ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे दाढा आधीच किडलेल्या असतात आणि हिरड्या सुजलेल्या. असे तोंड घेऊन आपला रुग्ण शेक घ्यायला जातो. परदेशी पुस्तकांत जो रुग्ण गृहीत धरलेला असतो, त्याच्याहून आपल्या रुग्णाची सुरुवातच कितीतरी मागून होते.

आता शेक म्हणजे काय होते ते पाहू. गावाकडे कुणी लाईट म्हणतात, कुणी शेक, डॉक्टर रेडिएशन म्हणतात. प्लास्टिकची एक जाळी गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर बसवतात. ती थंड झाली की मुखवट्यासारखी कडक होते, म्हणजे रोज डोके तंतोतंत त्याच जागी राहते. आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटे, असे सहा-सात आठवडे. ऑपरेशननंतरच्या शेकाची एकूण मात्रा साधारण ६० ग्रे असते, नुसत्या शेकानेच उपचार करायचा असेल तर ६६ ते ७०. किरण टोचत नाहीत की भाजल्याचे लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, चव जाते, पाणीही झोंबते. हा त्रास सगळ्यांना दिसतो आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत बराचसा ओसरतो. उरते ती लाळेची हानी.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तोंड ओले ठेवते, शिवाय खाल्ल्यानंतर होणारे आम्ल मारते आणि दातांच्या झिजलेल्या पृष्ठभागावर कॅल्शियम आणि फॉस्फेट पुन्हा बसवते. लाळेच्या ग्रंथी शेकाला फार लवकर दाद देतात. पहिल्या आठवड्यातच लाळ कमी व्हायला लागते आणि उरलेली घट्ट, तारेसारखी चिकट होते. किरणांची दिशा आणि जोर नेमका आखणाऱ्या नव्या पद्धतीने कानाजवळची ग्रंथी बऱ्याच अंशी वाचवता येते. ब्रिटनमधल्या २०११ सालच्या एका चाचणीत जुन्या पद्धतीने वर्षभरानंतर ७४ टक्के रुग्णांना तोंडाच्या कोरडेपणाचा मोठा त्रास होता, तर नव्या पद्धतीने ३८ टक्क्यांना. फरक मोठाच आहे, पण तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक तरीही कोरडे राहिलेच.

लाळ गेली की कीड नेहमीच्या जागा सोडते. एरवी ती दाढेच्या खाचांत किंवा दोन दातांच्या फटीत लागते. शेकानंतर ती लागते हिरडीला लागून, दाताच्या मुळाशी, कड्यासारखी गोल. खालचे पुढचे दात एरवी सहसा किडत नाहीत, कारण लाळेचे तळे तिथेच असते; शेकानंतर तेही सुटत नाहीत. दुखणे सुरुवातीला फारसे नसते. वर्षाच्या आत तपकिरी कडे काळे पडते आणि एके दिवशी भाकरीचा तुकडा चावताना दाताचा वरचा भाग हिरडीपाशी तुटून हातात येतो, मूळ आत राहते. बायाबापड्या याला "शेकाने दात जाळले" म्हणतात. खरे तर दात जळालेला नसतो, त्याचा राखणदार गेलेला असतो. म्हणून तर हे पुष्कळसे टाळता येते.

हाडाचे दुखणे याहून कठीण. शेक घेतलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजतात, हाड घडवणाऱ्या पेशी घटतात. वरच्या जबड्यापेक्षा खालच्याला हा धोका जास्त, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा आहे. दात काढल्याची जखम म्हणजे त्या हाडाला पडलेले काम, आणि ते करायला तिथे कुणी उरलेले नसते. हाड उघडे पडते, पू येतो, दुर्गंधी सुटते, क्वचित जबडा आपोआप मोडतो. १९२२ मध्ये फ्रान्सच्या रेगो यांनी शेकानंतरच्या या हाडाचे वर्णन केले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या थिओडोर ब्लम या दंतवैद्याने घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुलींच्या सडलेल्या जबड्यांची नोंद केली. त्या मुली ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरत. म्हणजे किरणांनी जबड्याचे काय होते, हे वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. उपचाराची वाट मात्र अजून सोपी नाही. दाबाखालचा प्राणवायू दिला तर दात काढल्यावर हाड वाचते, असे १९८० च्या दशकापासून मानले जाई. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तो घेणाऱ्यांत ६.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत ५.७ टक्के लोकांचे हाड मेले. म्हणजे लाभ दिसला नाही. महागड्या यंत्राची आशा धरण्यापेक्षा दात वेळेवर बघणे शहाणपणाचे, हाच त्याचा अर्थ मी घेते.

वेळेवर म्हणजे पहिल्या शेकाच्या आधी. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायचा, वाचणारे दात भरून घ्यायचे आणि न वाचणारे काढून टाकायचे. काढल्यानंतर शेक सुरू होईपर्यंत निदान दोन आठवडे जखमेला मिळायला हवेत. दुसरीकडे ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावेत असा दंडक आहे, दातांपायी कॅन्सरचा उपचार लांबवता येत नाही. या दोन्हींच्या मधली फट अरुंद असते. म्हणूनच उत्तम वेळ ऑपरेशनचीच: त्याच भुलीत शल्यचिकित्सकाने खराब दाढा काढून घेतल्या तर पुढचे दोन्ही हिशेब सुटतात. त्यासाठी दंतवैद्याने रुग्णाला ऑपरेशनच्या आधी पाहिलेले असले पाहिजे. हे सहसा होत नाही. घरचे धास्तावलेले असतात, डॉक्टरांचे लक्ष गाठीवर असते, आणि दातांची आठवण काढणे कुणाला क्षुल्लक वाटते. म्हणून ही आठवण रुग्णाच्या माणसांनीच काढावी, असे मी आग्रहाने सांगते.

रोहण्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे १९९१ पासून दंत महाविद्यालय आहे आणि त्याच परिसरात मोठे रुग्णालय आणि कॅन्सर रुग्णालयही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन आणि शेक दोन्ही येतात. दाखल होतानाच योजनेच्या माणसाला विचारून घ्यावे. सावंगीच्या दंत महाविद्यालयाला शरद पवार यांचे नाव आहे. त्यांना स्वतःला तोंडाचा कॅन्सर झाला होता आणि २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. सुपारीची सवय वेळीच सोडली नाही याचा पश्चात्ताप, दात काढावे लागले हे, आणि तोंड उघडताना, गिळताना, बोलताना झालेल्या वेदना त्यांनी जाहीरपणे सांगितल्या आहेत. इतक्या मोठ्या माणसाने आपल्या दातांविषयी बोलावे, याचे मोल मला फार वाटते. आपल्याकडे जबडा गेलेला माणूस रुमाल तोंडावर धरून घरातच बसतो.

शेक सुरू असताना मऊ ब्रश, तोही झोंबला तर कापडाच्या बोळ्याने पुसणे. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा टाकून दिवसातून अनेकदा गुळण्या. दुकानातले झणझणीत माउथवॉश नकोत, त्यांतल्या दारूने तोंड आणखी सुकते. जबड्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून समोरच्या दातांत धरायच्या, ताण बसेल इतक्याच, थोडा वेळ थांबायचे, दिवसातून चार-पाच वेळा. काही दिवसांनी त्या थप्पीत आणखी एक काडी सरकवायची. शेकानंतर स्नायू आखडत जातात आणि गमावलेले अंतर परत मिळवणे फार जड जाते, म्हणून कंटाळा करून चालत नाही.

शेक संपले की फ्लोराइड. दंतवैद्य दातांच्या मापाचे मऊ प्लास्टिकचे साचे करून देतात. रात्री ब्रश केल्यावर त्यांत फ्लोराइडच्या जेलचे थेंब टाकून साचे दातांवर पाच-दहा मिनिटे बसवायचे, मग थुंकायचे, पण चूळ भरायची नाही आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. साधारण टूथपेस्टमध्ये दहा लाख भागांत हजार ते दीड हजार भाग फ्लोराइड असते, या रुग्णांना पाच हजार भागांचे लागते. दातांवर प्रेम असेल तर हे आयुष्यभर चालवायचे. साचे परवडले नाहीत तर जास्त फ्लोराइडची पेस्ट रोज वापरावी. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

खाण्यात सर्वांत मोठी चूक सुकलेल्या तोंडासाठी आंबटगोड गोळ्या चघळण्याची. आर्वी-कारंजा पट्ट्यात संत्र्याची कमी नाही, आणि फोड चोखली की तोंडाला पाणी सुटल्यासारखे वाटते. पण आम्ल आणि साखर दोन्ही उघड्या दातांवर बसतात. त्यापेक्षा पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट घोट घ्यावे. ताकातल्या कण्या, पातळ वरणात कुस्करलेला भात, तूप घातलेली मऊ खिचडी गिळायला सोपी जाते. फराळाच्या ताटातला चिवडा आणि चकली या माणसाला आग्रहाने वाढू नये. कोरड्या तोंडात चकलीचा तुकडा टाचणीसारखा रुततो आणि तिथे झालेली जखम लवकर भरत नाही. कवळीचेही तसेच: शेकानंतर काही महिने थांबून, दंतवैद्याने हिरडी पाहूनच ती बसवावी, आणि घासू लागली तर त्याच दिवशी काढून ठेवावी.

आणि तरीही दाढ दुखलीच तर? गावच्या किंवा बाजाराच्या दवाखान्यात दात काढण्याआधी आपण शेक घेतले आहेत हे सांगायचेच, मग त्याला दहा वर्षे का झाली असेनात. हाडाचा धोका वर्षांनी संपत नाही. बऱ्याचदा रूट कॅनॉल करून, वरचा तुटका भाग कापून मूळ तसेच ठेवता येते; दिसायला बरे नसले तरी हाड शाबूत राहते. काढावाच लागला तर मोठ्या रुग्णालयात, एका वेळी एखादाच, हाडाला कमीत कमी धक्का देऊन. त्या दंतवैद्याला एक गोष्ट लागते: जबड्याच्या कोणत्या बाजूला किती ग्रे पडले. हे शेक देणाऱ्या रुग्णालयाच्या शेवटच्या सारांशपत्रावर लिहिलेले असते. फाइल घरी कपाटात राहते आणि दाढ दुखते तेव्हा सापडत नाही. त्या पत्राची झेरॉक्स काढून, आधार कार्डासोबत खिशात ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी दात दाखवायला जाताना तीच दंतवैद्याच्या टेबलावर ठेवावी.