ओट्यापाशी मांडलेला खेळ

"मुलाशी खेळायला वेळ कुठून आणायचा हो?" हा प्रश्न अलीकडे मला फार वेळा ऐकू येतो. लोकलमध्ये शेजारी बसणारी बँकेतली मैत्रीण तो विचारते, बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आलेली तरुण सहकारी तो विचारते. प्रश्नात तक्रार थोडी असते आणि स्वतःला लावून घेतलेली टोचणी पुष्कळ असते. खोटे तरी काय आहे त्यात? संध्याकाळी साडेसहाला पाळणाघरातून मूल आणायचे आणि नऊला ते झोपणार. मधले अडीच तास. त्यांतच कुकर लावायचा, पोळ्या लाटायच्या, मोठ्याचा गृहपाठ बघायचा आणि उद्याची भाजी निवडून ठेवायची. खेळ या साऱ्यात बसवायचा कुठे?

मी काही बालमानसशास्त्राची पंडिता नव्हे. कॉलेजात मराठी शिकवते आणि दोन मुलांची आई आहे, एवढाच माझा अधिकार. पण या दोन मुलांनी मला एक गोष्ट शिकवली. लहान मुलाला आपला राखून ठेवलेला वेगळा वेळ मिळाला तर आनंदच आहे. परंतु त्याहून अधिक त्याला हवी असते ती आपल्या कामात थोडी जागा. आई जे करते आहे तेच मला करायचे आहे, हा त्याचा हट्ट असतो. आपण त्याला 'मध्ये लुडबुड' म्हणतो. वास्तविक तोच त्याचा खेळ आणि तोच त्याचा अभ्यास!

मोठ्या बायकांनी सांगितलेली गोष्ट

हा विचार माझा नाही. इटलीतल्या मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधल्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांना पाणी ओतणे, झाडणे, पुसणे, बटणे लावणे ही घरातलीच कामे त्यांनी शिक्षणाचा भाग म्हणून दिली. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे शिक्षण भारतीय मातीत रुजवले. पुढे 1945 साली ताराबाई बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी दोघींनी जे काम केले, ते तर सर्वांना ठाऊक आहे. तिथे महागडी साधने परवडणार कुठून? मग शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. त्यातून आलेला 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो.

मला या हकिकतीत आपल्यासारख्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांना मोठा धीर वाटतो. खेळण्यांच्या दुकानात गेले की नाकापेक्षा मोती जड अशी अवस्था होते. पेटाऱ्याची किंमत पाहून आपण दचकतो, तरीही मुलावर अन्याय नको म्हणून घेऊन येतो, आणि चिरंजीव त्यातले खेळणे बाजूला ठेवून रिकाम्या खोक्यात जाऊन बसतात! खोके त्यांना खरे वाटते. त्यात शिरता येते, ते उलटे करता येते, त्याचे घर होते आणि गाडीही होते.

धाकटीची गोष्ट

आमची धाकटी दोन वर्षांची झाली तरी तिच्याजवळ जेमतेम सहा-सात शब्द होते. मोठा त्या वयात घर डोक्यावर घेत असे. "काही मुलं उशिरा बोलतात गं," असे सासूबाई म्हणत. पण म्हणताना त्यांचेही डोळे तिच्याकडे लागलेले असत. मी शब्दांवर पोट भरणारी बाई आणि माझ्याच घरात शब्द येईना, याची काळजी रात्री फार मोठी होई.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तिचे कान तपासून घ्यायला सांगितले. कान उत्तम होते. मग ते म्हणाले, "तिच्याशी बोला, पण विचारल्यावर थांबा. मनात दहा अंक मोजा. तिची पाळी तिला मिळू द्या." सल्ला साधा होता. पण घाईच्या घरात दहा अंकही मोठे वाटतात, हे तेव्हा कळले.

मग तिला स्वयंपाकघरात माझ्या जवळ बसवण्याचा परिपाठ सुरू झाला. ओट्यापासून चार पावलांवर, गॅसच्या दुसऱ्या बाजूला एक चटई. त्यावर ती आणि तिचे सामान. मी करते ते सांगायचे, तिला काही विचारायचे आणि थांबायचे. आणि तिथे मला माझ्याच विषयाचा नवा धडा मिळाला. आपल्या स्वयंपाकघरात क्रियापदे किती आहेत पाहा! निवडणे, पाखडणे, चाळणे, सोलणे, चिरणे, किसणे, मळणे, लाटणे, परतणे, कालवणे, निथळणे. प्रत्येकाची हाताची चाल वेगळी आणि आवाजही वेगळा. पुस्तकातल्या चित्रातून हे शब्द समजत नाहीत. हात लागला की एका दिवसात समजतात.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. हे बाहेरून आले, छत्री दाराशी उभी करून ठेवली. धाकटी तिच्यापाशी उकिडवी बसून टपटपणारे थेंब पाहात होती. एकदम म्हणाली, "बाबा, छत्ली निथळतेय!" कोथिंबिरीच्या चाळणीपाशी ऐकलेला शब्द तिने छत्रीला लावला होता. कदाचित ती आपल्या वेळेने बोललीच असती. तिच्या बोलण्याचे श्रेय मी चटईला देणार नाही. पण तो शब्द मात्र चटईवरचाच होता. सासूबाईंनी त्या दिवशी तिची दृष्ट काढली.

वयाप्रमाणे खेळ

तान्हे मूल असेल तर त्याचे पहिले खेळणे म्हणजे आपला चेहरा आणि आवाज. तेल लावताना, न्हाऊ घालताना आपल्या आज्या बोलत, तळहातावर बोटे फिरवीत, एकेक बोट मिटवीत आणि शेवटी काखेत गुदगुल्या करीत. या मांडीवरच्या खेळांत शहाणपण आहे. गुदगुल्या होण्यापूर्वी आजी क्षणभर थांबते आणि बाळ श्वास रोखून वाट पाहते. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक झालेले असते! पदराआड तोंड लपवून 'कुक' करण्यातली गंमतही तीच. गेलेले माणूस परत येते, हा विश्वास त्यातून बसतो. रांगायच्या आधीच्या महिन्यांत बाळ जागे असताना, आपण समोर असताना, त्याला थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. दिवसाकाठी सगळे मिळून निदान अर्धा तास व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपवताना मात्र उताणेच ठेवावे.

वर्ष ते दोन वर्षे हा काळ 'आत टाक, बाहेर काढ' याचा. एक डबा आणि कपड्यांना लावायचे मोठे चिमटे द्या. तो ते टाकील, ओतील, पुन्हा टाकील. कांदे-बटाटे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत नेणे हा या वयातला मोठा उद्योग. वाट्या आणि झाकणे दिली तर कोणते झाकण कोणावर बसते हे शोधण्यात तुमच्या चार पोळ्या होतात. आवाज होतो, हे कबूल.

दोन ते तीन या वयात मेथी निवडणे, मटारच्या शेंगा सोलणे, कणकेचा गोळा थापणे. न्हाणीघरात दोन तांबे आणि एक गाळणे देऊन पाणी ओतू द्यावे. खरे सांगते, काम लवकर होत नाही. अर्धा किलो मटाराला पाऊण तास लागतो आणि फरशीवर सडा पडतो. म्हणून घाईचे काम तिला देऊच नये. जे सावकाश झाले तरी चालेल तेच द्यावे. "एवढ्याशा पोरीला कामाला काय जुंपतेस?" असे सासूबाई आधी म्हणाल्या. मी म्हटले, "आई, तिच्या हातातून काढून घेऊन बघा बरं!" त्यांनी काढून घेतले आणि जो आकांत झाला, त्यानंतर त्याच तिला शेंगा पुरवू लागल्या.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला जबाबदारी आवडते. पाने घेताना माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला मांडू द्या. मोजणीचा याहून चांगला धडा नाही. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे हे आमच्याकडे ह्यांचे आणि मुलांचे खाते आहे. रविवारी तिघे जण मोज्यांचा बाजार मांडून बसतात. भातुकली तर या वयाचा राजा खेळ. ती मुलींपुरती ठेवू नका. माझा मुलगा चुरमुऱ्यांचा भात फार मन लावून वाढीत असे, आणि आता चहा उत्तम करतो!

जपायच्या गोष्टी

स्वयंपाकघर खेळघर झाले तरी ते स्वयंपाकघरच आहे. गॅस, गरम कुकर, उकळता चहा आणि विळी यांच्या आसपास मूल नको. पाण्याचा खेळ संपला की बादली लगेच रिकामी करावी. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे श्वासनळीत अडकतात. चार-पाच वर्षांपर्यंत शेंगदाण्यांचे कूट आणि द्राक्षाच्या उभ्या फोडीच द्याव्या. मटार सोलताना आपली नजर हलू नये. ते दाणे नाकात जायलाही वेळ लागत नाही. खेळण्यांतले, रिमोटमधले बटणासारखे चपटे सेल मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालय गाठावे.

हातातला तो चौकोन

मोबाइलवर व्याख्यान देण्याचा माझा बेत नाही; आई थकलेली असते तेव्हा तो समोर धरला जातो, हे मीही जाणते. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलेले आकडे स्वयंपाकघरात लावून ठेवण्याजोगे आहेत. वर्षाच्या मुलाला पडदा मुळीच नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी फार तर एक तास, तोही जितका कमी तितका बरा. उलट, एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल करावी. पडद्यावरची बाई गोड बोलते, गाणीही म्हणते. पण आपल्या मुलाने उत्तर दिले की नाही, ते तिला ऐकू येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले ते दहा अंक ती मोजत नाही.

एक वर्षाचे मूल 'बाबा', 'दादा' असे बडबडत नसेल, सव्वा वर्ष उलटून गेले तरी एकही शब्द येत नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नये. कान आणि वाढ दोन्ही तपासून घ्यावे. तपासणीत काही निघाले नाही तर काळजी मिटते आणि निघाले तर वेळेवर उपाय होतो.

आईसाठी चार शब्द

काही संध्याकाळी चटईही नकोशी वाटते. डोके दुखत असते, दिवस वाईट गेलेला असतो. त्या दिवशी मुलाला नुसते कुशीत घेऊन खिडकीशी बसले तरी पुरते. खाली रिक्षा आली, कुत्रे भुंकले, दिवा लागला, एवढे बोलणे पुष्कळ झाले. आणि मूल "मला कंटाळा आला" म्हणाले तर आपण गुन्हेगार ठरत नाही. कंटाळलेले मूल थोडी भुणभुण करते, मग एक चमचा उचलते आणि त्याला विमान करते. तेवढा अवधी त्याला द्यावा. घरातली बाकीची माणसेही या खेळात हवीत. आजोबांनी वर्तमानपत्राची होडी केली, बाबांनी मोज्यांचा बाजार मांडला, तर अडीच तासांचे ओझे एका खांद्यावर पडत नाही.

आता दिवाळी आली आहे. फराळाच्या धांदलीत "तू बाहेर जा बरं!" हे वाक्य घराघरांतून ऐकू येईल. त्याऐवजी तळणाच्या कढईपासून दूर पाट मांडा आणि करंजीच्या पिठातला लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात द्या. मोठ्यांनी किल्ल्याला माती आणली की त्यातली एक पाटी धाकट्यालाही द्या. रांगोळीचे चार ठिपके वाकडे पडले तर पडू द्या. त्याची करंजी बोटांचे ठसे उमटलेली, सारण बाहेर आलेली, अशीच होणार. ती तळून इतरांबरोबर ताटात ठेवा आणि पाहुण्यांना कोणी केली ते सांगा.