गोळीपेक्षा चादर महत्त्वाची

तूर खळ्यातून निघाली की परभणीच्या शेतकऱ्यापुढे दरवर्षीचा पेच उभा राहतो: आत्ताच विकायची, की भाव येईपर्यंत थांबायचे? थांबण्याची सोय कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेने १९९०-९१ पासून केली आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्या, सहा महिन्यांत फेडा. पण तेच सहा महिने भुंगेऱ्यालाही मिळतात आणि उबदार हवेत त्याची एक पिढी साधारण महिनाभरात पुरी होते. अंडी अनेकदा शेतातच, शेंगेवर घातलेली असतात. अळी दाण्याच्या पोटात वाढते; आपल्याला दिसते ते भुंगेरा बाहेर पडल्यावरचे गोल भोक. पोत्यावर मारलेला फवारा तिथवर पोचत नाही. वायू पोचतो.

गोदामात वापरतात तो फॉस्फिन. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळीला हवेतली ओल लागली की १ ग्रॅम फॉस्फिन सुटतो आणि राखाडी भुकटी उरते. हा वायू किड्याच्या पेशींचे श्वसन बंद पाडतो. मेख इथेच आहे. अळ्या आणि भुंगेरे लवकर मरतात; अंडी आणि कोष मात्र तग धरतात, कारण त्यांचे श्वसन मंद असते. त्यांतून पुढची अवस्था बाहेर येईपर्यंत वायू कोंडून राहायला हवा. म्हणून थप्पी चादरीने झाकायची, कडांवर वाळूच्या लांब पिशव्या दाबायच्या आणि सात दिवस हात लावायचा नाही. चादर फाटकी असेल तर वायू निसटतो, चिवट किडे वाचतात आणि त्यांचीच वीण वाढते. फॉस्फिनला दाद न देणारे किडे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९७२-७३ च्या पाहणीतच सापडले होते. आज ते भारतातल्या गोदामांतही आहेत. झटपट काम करणारा मिथिल ब्रोमाइड ओझोनला मारक ठरल्याने मॉन्ट्रियल करारानुसार मुख्यतः आयात-निर्यातीच्या मालापुरता उरला. म्हणजे फॉस्फिन जपूनच वापरायला हवा.

कोंडण्याचे महत्त्व मराठवाड्याला नवे नाही. ज्वारीच्या पेवाचे तोंड लिंपले की धान्य आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवत, कार्बन डायऑक्साइड साठे आणि कीड गुदमरे. पेव उघडताच घाईने आत उतरलेली माणसेही त्यामुळेच दगावत. आजच्या हवाबंद पिशव्यांचे तत्त्व हेच.

या गोळ्या घरासाठी मात्र नाहीत. नियमानुसार त्या सरकारी यंत्रणांनी किंवा कीडनियंत्रण व्यावसायिकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायच्या. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर बंदीच आहे. फॉस्फिनच्या विषबाधेवर उतारा नाही. जिथे माणसे झोपतात त्या घरातल्या धान्यात गोळी टाकणे जिवावर बेतू शकते. घरची तूर कडक उन्हात वाळवावी, हवाबंद ठेवावी किंवा डाळ करून ठेवावी. भरडलेल्या डाळीला हा भुंगेरा सहसा लागत नाही.

गोदामातही चादर निघाली की संरक्षण संपते, शेजारच्या थप्पीतला भुंगेरा पुन्हा शिरतो. त्यामुळे माल ठेवताना गोदामवाल्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत: चादर किती दिवस राहते, आणि आधीच्या हंगामाची पोती झाडून बाहेर काढली का?