मांजर नखरेल, खिसा हलका: ओलं खाणं निवडायचं कसं?

शिवाजी पेठेतल्या आमच्या मनीचं ठरलेलं आहे: पाकीट फोडलं की रस्सा चाटणार, तुकडे तसेच ठेवणार. स्वस्त पडतो म्हणून बारा पाकिटांचा बॉक्स आणला, तर निम्मा गल्लीतल्या बोक्यांनी संपवला! तेव्हापासून नियम एकच: आधी एक पाकीट, मग बॉक्स.

दुकानात दोन गोष्टी बघा. पहिली, पाकिटावर ‘कम्प्लीट’ लिहिलंय का? ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर ते वरचं खाणं, रोजचं जेवण नव्हे. मांजराला टॉरिन लागतंच. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. म्हणून रोज नुसतं उकडलेलं चिकन घालून भागत नाही.

दुसरी, भाव शंभर ग्रॅमचा काढा. समजा, ७० ग्रॅमचं पाकीट ४० रुपयांना आणि ८५ ग्रॅमचं ४५ ला. पहिलं शंभर ग्रॅमला ५७ रुपये पडतं, दुसरं ५३. म्हणजे स्वस्त दिसणारंच महाग!

तुकडे आवडत नसतील तर मऊ लगद्यासारखं घेऊन बघा. फ्रीजमधलं गार देऊ नका. वाटी कोमट पाण्यात ठेवा, वास सुटला की मांजर येतंय बघा. बजेट कमी असेल तर कोरड्या दाण्यांवर दोन चमचे ओलं घाला. तांबडा-पांढरा मात्र आपल्यालाच. कांदा-लसूण मांजराला विषारी.

आणि हो, ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नका. काही दिवसांच्या उपासानंही मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते. दिवसभर तोंडच लावलं नाही, तर तो नखरा नव्हे, डॉक्टर गाठा.