साल अरबी, आरंभ मृगाचा

आपल्या गावच्या जत्रेविषयी, वाड्याविषयी, उरुसाविषयी लिहू पाहणारी तरुण मुलं हल्ली भेटतात आणि विचारतात, सांस्कृतिक इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करायची? माझा पिंड कवीचा. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. पण मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून एक प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे : ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ विचारणाऱ्याच्या मनात वाकडं नसतं. पण ही भाषा मी पाहुण्यासारखी बाहेरून येऊन शिकलो असणार, हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं. या प्रश्नाला कवितेतून उत्तर देता येतं, पण ते माझ्यापुरतं राहतं. दुसऱ्याला पटवायचं तर पुरावा लागतो. त्या पुराव्याच्या शोधात मी ही विद्या थोडीफार शिकलो. जे हाती आलं ते इथं सांगतो.

पहिला धडा मोडी पत्रांनी दिला. पेशवाईतल्या पत्रावर तारीख कशी येते पाहा. ‘छ ७ रबिलावल, सु॥ खमस सबैन मया व अलफ’ अशा धाटणीची. पहिल्यांदा वाचणारा गोंधळून जातो. ‘छ’ म्हणजे चंद्र, महिन्यातला चंद्रदिवस. रबिलावल हा हिजरी सनाचा तिसरा महिना. ‘सु॥’ म्हणजे सुहूर किंवा शुहूर सन. पुढचे शब्द ही अरबी संख्या आहे : खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण अकराशे पंचाहत्तर. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४ येतो.

पण इथं थांबायचं नसतं. शुहूर सनाचं वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. म्हणून त्याला मृगसाल असंही नाव आहे. म्हणजे हे वर्ष १७७४ च्या जूनमध्ये सुरू होऊन १७७५ च्या जूनमध्ये संपलं. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ५९९ नव्हे, ६०० मिळवावे लागतात. जंत्री उघडून पाहिलं, तर त्या वर्षातला रबिलावल मे महिन्यात पडतो. तेव्हा अशी तारीख मे १७७५ ची ठरते. नुसती बेरीज करून लिहिलं असतं, तर पत्र वर्षभर मागं गेलं असतं आणि त्यातल्या घटनांचा क्रमच उलटा झाला असता.

आता या तारखेकडे दुसऱ्या बाजूनं पाहा. हिजरी वर्ष चांद्र आहे, सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे त्याचे महिने ऋतूंमधून सरकत राहतात. पीक मात्र पावसावर येतं आणि सारा पिकावर वसूल होतो. म्हणून हिजरी ७४५, म्हणजे इसवी सन १३४४ चा आकडा धरून त्याला सौर वर्षाची चाल दिली गेली. आकड्यांचे शब्द अरबी, दिवस चंद्राचा, वर्षाची सुरुवात शेतकऱ्याच्या मृगाची, लिपी मोडी, भाषा मराठी. आणि लिहिणारा कारकून बहुधा ब्राह्मण किंवा प्रभू. कागदाच्या एका ओळीत केवढा व्यवहार सामावला आहे!

हे पाहून माझ्यातला कवी लगेच ऐक्याचं गाणं म्हणायला लागतो. त्याला आवरणं हा दुसरा धडा. या तारखेवरून सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते असं सिद्ध होत नाही. राज्यकर्त्यांच्या दप्तराची पद्धत पुढच्या राज्यांनीही चालू ठेवली, एवढंच सिद्ध होतं. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच. म्हणजे त्या शब्दांचं ओझं कुणाला तरी जाणवत होतं. शुहूर सन टिकला हा पुरावा आणि कोश झाला हाही पुरावा. दोन्ही एकाच टेबलावर मांडायचे. आपल्याला आवडणारा ठेवून दुसरा फडताळात टाकला, तर ते लेखन वकिली होतं.

शब्दांचीही अशीच उलटतपासणी करता येते. माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन, यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ साली निघाला. असा कोश चाळताना मी शब्द कुठून आला एवढ्यावर थांबत नाही. इथं आल्यावर त्याचं काय झालं ते पाहतो. ‘तालीम’ म्हणजे मूळचं शिक्षण. मराठीत ती लाल मातीच्या आखाड्यात गेली आणि नाटकवाल्यांकडेही गेली. ‘शिकस्त’ म्हणजे फारसीत पराभव, मोडणं. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे तो. आता वर्तमानपत्रात छापून येतं ते सगळं मजकूर. हुकमानं लादलेला शब्द दप्तरात राहू शकतो. त्याचा अर्थ बदलायला मात्र त्याला पैलवानांच्या, नटांच्या, बायाबापड्यांच्या तोंडी जावं लागतं.

तिसरा धडा दंतकथेचा. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मराठीतले मोठे संतकवी. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा. हा ग्रंथ हा पहिला साक्षीदार, कारण तो त्यांचाच शब्द आहे. संतचरित्रकार महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा, म्हणजे ११७ वर्षांनंतरचा. आणि मालोजीराजे भोसले शेख महंमदांचे शिष्य होते, असं परंपरा मानते. या तीन गोष्टींचं वजन सारखं नाही. मग दंतकथा टाकून द्यायची का? मुळीच नाही. ती घडलेल्या गोष्टीविषयी कमी आणि सांगणाऱ्यांविषयी जास्त सांगते. लोकांना राजघराणं आणि मुसलमान संत यांचं नातं जोडावंसं वाटलं, जपावंसं वाटलं, हीसुद्धा इतिहासातली घटनाच आहे.

हे सगळं नेटकं सांगायची सोय आपल्या मराठीतच आहे. ‘होता’, ‘असावा’, ‘असेल’, ‘म्हणतात’ ही क्रियापदं म्हणजे तराजूतली वजनं आहेत. कागद असेल तर ‘होता’. आजूबाजूचे पुरावे एका दिशेनं बोट दाखवत असतील तर ‘असावा’. ऐकीव असेल तर ‘म्हणतात’, आणि कोण म्हणतात तेही लिहायचं. डॉ. रा. चिं. ढेरे यांची पुस्तकं या दृष्टीनं पुन्हा पुन्हा वाचावीत. ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे १९६७ चं आणि ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे १९८४ चं. ग्रंथ, शिलालेख, स्थळपुराण, लोककथा, शेजारच्या कन्नड-तेलुगू प्रदेशातली दैवतं अशा साऱ्यांना ते साक्षीला बोलावतात.

ज्यांनी कधी कागद लिहिला नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी ओवी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओवीला साल नसतं. पण बाई कुठल्या देवाला नवस बोलते, माहेरची वाट कुठून जाते, कशाचा राग गिळते, हे दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडणार? मात्र ओवी उतरवताना तिचं व्याकरण सुधारू नये. ‘व्हता’चं ‘होता’ केलं, की पुराव्यावर आपलीच सही होते.

म्हणून ज्यांना लिहायचं आहे त्यांनी साधी वही घ्यावी. कुणी सांगितलं, कुठं, कोणत्या तारखेला, हे आधी टिपावं आणि सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत. उरुसाबद्दल मुजावराला विचाराल, तसं संदल वाहणाऱ्यांना, बाहेर रेवड्या विकणाऱ्याला आणि नवस फेडायला आलेल्या बाईलाही विचारा. चौघांचं जुळलं नाही तर घाबरू नका. न जुळणारं तसंच लिहा. जमलं तर मोडी शिका. दोन-तीन महिन्यांच्या सरावात अक्षर लागायला लागतं.

आणि उशीर करू नका. दप्तरातला कागद कसर लागेपर्यंत तरी वाट पाहतो. ज्या आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, तिच्या घरी पिठाची गिरणी येऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली. तिला म्हणायला सांगणारं गेल्या कित्येक वर्षांत कुणी भेटलेलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)